घरगुती मद्य व राजशासन

१

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांत लासलगांव हें बाजाराचें गांव आहे. येथील बाजार समिती १९४७ सालीं स्थापन झाली व कांद्याच्या उलाढालीमुळें तिचें नांव देशभर झालें. लासलगांवाच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर विंचूर आहे. पानिपतच्या मोहिमेंतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्यामुळें हें नांव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. आज विंचूर दुसऱ्याहि एका कारणानें ओळखलें जातें. महाराष्ट्र शासनानें २००१ सालीं द्राक्षांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांसाठीं धोरण जाहीर केलें आणि त्याला अनुसरून विंचूर येथें वाइनच्या कारखान्यांकरितां औद्योगिक क्षेत्र वसविलें. ‘गोदावरी वाइन पार्क’ तें हेंच.

या पट्ट्यांतील द्राक्षबागायतदाराची कायद्यापुढील स्थिति मोठी चमत्कारिक आहे. तो वाइनच्या जातीचीं द्राक्षें लावूं शकतो, कराराप्रमाणें तीं कारखान्यास घालूं शकतो, परवाना मिळवून स्वतःचा कारखानाहि काढूं शकतो. अवकाळी पावसानें मणी तडकले व मालास उठाव राहिला नाहीं, तर बेदाणे करण्यास त्याला कोणी अडवीत नाहीं. परंतु त्याच द्राक्षांचा रस, विक्रीचा हेतु मनांत नसतां, केवळ घरच्या सणाकरितां त्यानें माठांत आंबूं दिला, तर तो गुन्हा होतो. पूर्वीं मुंबईच्या व आतां महाराष्ट्राच्या नांवानें चालणारा १९४९ चा दारूबंदी कायदा त्याच्या १२ व्या कलमानें परवान्यावांचून मद्य तयार करण्यास मनाई करतो. तें तयार करण्याचीं साधनें बाळगण्यासहि १३ व्या कलमानें मनाई आहे. मद्य या शब्दाच्या व्याख्येंत स्पिरिट, वाइन, बीअर, ताडी व मद्यार्क असलेले सर्व द्रव पदार्थ येतात. घरासाठीं अथवा छंदासाठीं म्हणून निराळी सूट त्यांत नाहीं.

हा प्रश्न केवळ बागायतदाराचा नाहीं. मुंबई-पुण्याकडील कांहीं हौशी मंडळींस सातूला मोड आणून, तो भाजून, उकळून घरीं बीअर करण्याचा छंद आहे. २००९ सालीं पुण्यांत परवान्यानें चालणारी पहिली लहान बीअरशाळा निघाली. २०१८ सालीं पुण्याकडे मधापासून केलेलें मद्य विक्रीस आलें; त्याचाहि आरंभ दोघां मित्रांच्या घरगुती प्रयोगांतून झाला होता. अशा हौशी लोकांची अपेक्षा थोडक्यांत मांडावयाची तर ती अशी, कीं विक्री न करतां, ठराविक मर्यादेंत, प्रौढ माणसानें स्वतःच्या घरीं आंबविलेलें पेय गुन्हा समजूं नये. ही अपेक्षा परदेशांतून आली असावी, आपल्याकडे तिला आधार नाहीं, असें कोणासहि सहज वाटेल. आमच्या मतें तसें नाहीं. गृहस्थाच्या मडक्यास निराळा नियम व दुकानाच्या मडक्यास निराळा नियम, हा भेद या देशांत फार जुना आहे. तो केव्हां व कोणत्या कारणानें पुसला गेला हें दाखविणें, आणि त्याविषयींचे कागद कोठें व कसे शोधावे हें सुचविणें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम शब्दांचा खुलासा करणें अवश्य आहे. कारण या विषयांतील निम्मा घोटाळा शब्दांतून उत्पन्न होतो.

आंबविणें व गाळणें या दोन भिन्न क्रिया होत. द्राक्षाचा रस, मधाचें पाणी, ताडाचा रस किंवा मोड आणलेल्या धान्याचा काढा यांत किण्व शिरलें म्हणजे साखरेचा मद्यार्क होतो, हें आंबविणें. किण्व स्वतःच केलेल्या मद्यार्कांत शेवटीं निकामी होतें, म्हणून अशा पेयाचें बळ साधारणतः शेंकडा पंधराच्या आसपास थांबतें. बीअरचें तर याच्याहि बरेंच खालीं असतें. आंबलेला द्रव भट्टीवर तापवून त्याची वाफ थंड करून घेतली म्हणजे बळ कितीतरी वाढतें, हें गाळणें. मराठींत ‘दारू गाळणें’ हा प्रयोग याच क्रियेचा आहे. हातभट्टीच्या पंचनाम्यांत गूळ-नवसागराचें रसायन, सडवा, भट्टी असे शब्द येतात ते सर्व गाळण्याच्या उद्योगांतले. घरीं बीअर करणाऱ्याची गोष्ट पहिल्या प्रकारांत मोडते. हा भेद पुढें वारंवार उपयोगीं पडणार आहे.

जुने कागद वाचतांना दुसरी सावधगिरी पाहिजे. मोडी पत्रांत ‘दारू’ हा शब्द आला कीं तो मद्याचाच समजणें धोक्याचें आहे. दारूगोळा, दारूखाना, दारूचे बुधले या ठिकाणीं दारू म्हणजे तोफेची व बंदुकीची दारू होय. मद्याविषयींचे कागद बहुधा ‘कलाल’, ‘कलाली’, ‘भट्टी’, ‘माडी’, ‘ताडी’, ‘शिंदी’, ‘मोहाचीं फुलें’ अशा शब्दांनीं ओळखावे लागतात. वैद्यकीय बाडांत ‘अर्क’, ‘आसव’ व ‘अरिष्ट’ असे तीन शब्द येतात. अर्क हा वाफेनें काढलेला असतो, पण तो मादक असतोच असें नाहीं. बडिशेपेचा अर्क हें त्याचें घरगुती उदाहरण. आसव बहुधा औषधी न उकळतां, आणि अरिष्ट त्यांचा काढा करून आंबवितात. दोहोंत गूळ अथवा मध, धायटीचीं फुलें, तूप लावलेलें मडकें, मडक्याचें तोंड लिंपणें, तें धान्याच्या राशींत अथवा जमिनींत ठराविक दिवस पुरून ठेवणें, हे तपशील आढळतात. ही कृति म्हणजे निःसंशय आंबविण्याची कृति होय. वैद्याच्या घरांतील माठ व हौशी बीअर करणाऱ्याचा माठ यांत क्रियेच्या दृष्टीनें भेद नाहीं. भेद आहे तो हेतूचा.

३

राजशासनानें हा हेतूचा भेद मानल्याचें अत्यंत स्पष्ट उदाहरण कौटिलीय अर्थशास्त्रांत सांपडतें. हा ग्रंथ शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केला, हें वाचकांस माहीत आहेच. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाचा आहे. मद्याचें उत्पादन व विक्री या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं चालावी, आणि त्यानें नेमलेल्या ठिकाणांखेरीज अन्यत्र मद्य करणारा, विकणारा व विकत घेणारा या तिघांसहि सहाशें पण दंड करावा, असा तेथें नियम आहे. हा दंड लहान नाहीं. म्हणजे कौटिल्य या बाबतींत सैल होता असें कोणीहि म्हणूं शकणार नाहीं.

त्याच अध्यायांत कृतींचीं मापेंहि दिलीं आहेत. मेदक नांवाच्या तांदळाच्या मद्यास एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व लागतें. चार प्रस्थांचा आढक व चार आढकांचा द्रोण हें कोष्टक लाविलें, तर पाणी सोळा भाग, तांदूळ दोन भाग व किण्व तीन भाग असें प्रमाण निघतें. किण्व उडदाचें पीठ, तांदूळ व मोरट इत्यादि वनस्पति यांपासून करावें असें सांगितलें आहे. किण्वाची सामग्री गोळा करण्याचें काम स्त्रिया व मुलें यांजकडे दिलें आहे. मेदकाची ही कृति आंबविण्याची असून तींत भट्टीचें काम नाहीं.

इतका कडक बंदोबस्त सांगून झाल्यावर ग्रंथकार अपवाद देतो, आणि आमच्या विषयाचें सार त्या अपवादांत आहे. कुटुंबवाल्यांनीं घरच्या कार्याच्या प्रसंगीं पांढरी सुरा, आणि औषधाकरितां अरिष्ट किंवा तसेंच दुसरें पेय करण्यास हरकत नाहीं, असें तो म्हणतो. उत्सव, मेळे व यात्रा या वेळीं चार दिवसांची मोकळीक द्यावी. त्या काळांत अनुज्ञा न घेतां करणारांकडून उत्सव संपेपर्यंत रोजचा दंड घ्यावा, असेंहि पुढें आहे. राजाच्या मालाखेरीज दुसरें मद्य विकणारांनीं शेंकडा पांच शुल्क द्यावें, हाहि नियम तेथेंच सांपडतो.

यावरून तीन निराळे अपवाद दिसतात. एक घरच्या कार्याचा, दुसरा औषधाचा व तिसरा उत्सवाचा. पैकीं पहिल्या दोहोंस कुटुंबाबाहेर कोणाची अनुज्ञा लागत असल्याचें ग्रंथांत नाहीं, तिसऱ्यास लागते. हा नियम प्रत्यक्षांत कितपत चालला हें ग्रंथावरून ठरत नाहीं. तो राज्यकारभाराचा ग्रंथ आहे, दप्तर नव्हे. तथापि कर गोळा करण्याच्या कामीं इतका दक्ष असलेला ग्रंथकारसुद्धां घरचें मडकें व दुकानाचें मडकें एका मापानें मोजीत नाहीं, एवढें निश्चित होतें. याच्या उलट बाजूस धर्मशास्त्र आहे. मनुस्मृतींत गौडी, पैष्टी व माध्वी अशा सुरेच्या तीन जाति सांगून त्या द्विजांस वर्ज्य ठरविल्या आहेत. अर्थशास्त्राचा नियम मद्य कोठें व कशासाठीं केलें हें पाहतो. धर्मशास्त्राचा नियम तें कोण पितो हें पाहतो. या दोन दृष्टि पुढील सर्व इतिहासांत एकमेकींत गुंतलेल्या आढळतात.

४

पेशवाईंतील उदाहरण या दृष्टीनें फार बोलकें आहे. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीवर न्यायमूर्ति रानडे यांनीं १९०० सालीं जो निबंध लिहिला, त्यांत मद्यबंदीचा उल्लेख आहे. पेशव्यांच्या मुलखांत मद्यास मनाई होती. परंतु पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या प्रांतांतील भंडारी, कोळी इत्यादि लोकांनीं या बंदीमुळें आपले हाल होतात अशी तक्रार केली, आणि सरकारानें त्यांच्यापुरती बंदी सैल केली. मात्र ब्राह्मण, शेणवी, प्रभु व सरकारी कामगार यांस ती कायम ठेविली.

चिमाजी आप्पांनीं वसई घेतली १७३९ सालीं. त्या किनाऱ्यावर माडाचा रस काढणें हा भंडाऱ्यांचा धंदा व कोळ्यांचें नित्याचें पेय होतें. अशा लोकांनीं सरकारकडे अर्ज करणें व सरकारानें तो अंशतः मान्य करणें, ही घटना घरगुती व परंपरागत पेयासाठीं केलेल्या कायदेशीर मागणीचें मराठी राज्यांतील चांगलें उदाहरण होय. आजच्या हौशी मंडळींस पूर्वज शोधावयाचे असतील तर ते वसईच्या किनाऱ्यावर आहेत.

परंतु हें उदाहरण पुढें करतांना त्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. पेशव्यांची सवलत माणसास नव्हती, जातीस होती. भंडाऱ्यानें प्यालें तर चालेल, प्रभूनें प्यालें तर चालणार नाहीं, हें त्या सवलतीचें स्वरूप. कौटिल्याचा अपवाद प्रसंगावर उभा होता. हा जातीवर उभा आहे. सर्व नागरिकांस एकच कायदा असलेल्या आजच्या राज्यांत या दुसऱ्या पायावर कांहीं उभारतां येणार नाहीं. पेशवेकालीन कागदांचा उपयोग दाखला म्हणून होईल, नमुना म्हणून नव्हे.

५

घरगुती मद्यास पुरती बंदी झाली ती इंग्रजी अमलांत, आणि तिचें कारण नीति नव्हती, महसूल होता.

आरंभीं इंग्रजांनींहि जुनी मक्त्याची पद्धति चालविली. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारांत भरी व आपल्या हद्दींत मद्याचा बंदोबस्त पाही. १८७८ सालीं मुंबई इलाख्यास नवा आबकारी कायदा लागू झाला आणि चित्र बदललें. मद्य सदर भट्टींत काढावें, तेथें त्याचें बळ मोजावें, त्या बळाप्रमाणें कर घ्यावा व मगच तें दुकानांत जावें, अशी व्यवस्था हळूहळू घालण्यांत आली. ताडामाडांच्या झाडांवर नंबर घालून झाडागणिक कर बसला. परवान्यावांचून मद्य करणें व झाडास छेद देणें गुन्हा ठरला. उरण येथें मोहाच्या मद्याच्या भट्ट्या होत्या व तेथून मुंबईस माल जात असे. १८९२ सालीं तर मोहाच्या फुलांसाठींच निराळा कायदा झाला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत रानांतून वेंचून आणलेलें हें फूल, जें वारली-कातकऱ्यांचें अन्नहि होतें, तें घरांत किती ठेवावें यावर निर्बंध आले.

या व्यवस्थेचा तर्क ध्यानांत घेण्यासारखा आहे. कर बळावर घ्यावयाचा म्हणजे प्रत्येक थेंब मोजतां आला पाहिजे. दुकान मोजतां येतें, सदर भट्टी मोजतां येते, नंबर घातलेलें झाड मोजतां येतें; चुलीपाशीं ठेवलेलें मडकें मोजतां येत नाहीं. म्हणून मडकें बंद. घरचें पेय दुकानच्या पेयाहून अधिक अपायकारक आहे असें या कायद्यानें सिद्ध केलें नाहीं, व तसें सिद्ध करण्याची त्यास गरजहि नव्हती. ठाणें-कुलाब्याकडील भंडाऱ्यांत वाढत्या झाडपट्टीविषयीं १८८० नंतरच्या दशकांत मोठा असंतोष माजला तो या कारणामुळेंच.

या काळांत देशी पुढाऱ्यांनीं सरकारवर जो हल्ला चढविला, तो दुसऱ्या दिशेनें होता. सरकार पैशासाठीं दुकानें वाढवितें व लोकांस व्यसनी करतें, असा त्यांचा आरोप होता. १९०८ सालीं पुण्यांत दारूच्या दुकानांवर जी निरोधनें झालीं, त्यांस लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. १९२२ सालीं पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेलें देवीचें वारें गुजराथेच्या डोंगराळ भागांतून सुरगाण्यापर्यंत, म्हणजे आमच्या नाशिक जिल्ह्याच्या कडेपर्यंत आलें आणि आदिवासींनीं आपण होऊन मद्य सोडण्याच्या शपथा घेतल्या. डेव्हिड हार्डिमन यांनीं या चळवळीचा सविस्तर अभ्यास केला आहे. दारूचे गुत्तेवाले व सावकार यांच्या कचाट्यांतून सुटण्याची इच्छा त्या शपथांमागें होती, हें त्यांनीं दाखविलें आहे.

याचा परिणाम असा झाला, कीं घरच्या मडक्याची बाजू घेणारा कोणी उरला नाहीं. सरकारास तें नको होतें, कारण तें कर देत नसे. पुढाऱ्यांस तें नको होतें, कारण तें मद्यच होतें.

६

प्रांतिक स्वायत्ततेनंतर खेर मंत्रिमंडळानें दारूबंदी हातीं घेतली. डॉ. गिल्डर हे त्या खात्याचे मंत्री असतांना १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत बंदी लागू झाली. स्वातंत्र्यानंतर, मोरारजी देसाई गृहमंत्री असतांना, १९४९ चा कायदा झाला. तो त्या वर्षाच्या १६ जून रोजीं अमलांत आला व ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यांत संपूर्ण दारूबंदी झाली. आबकारी कायद्यानें घरगुती मद्य महसुलासाठीं बंद केलें होतें. या कायद्यानें तें नीतीसाठीं बंद ठेविलें. बंदी तीच राहिली, कारण मात्र बदललें.

या कायद्याविरुद्ध फ. न. बलसारा यांनीं दाद मागितली. २५ मे १९५१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरविला. परंतु औषधी द्रव्यें व प्रसाधनें यांत मद्यार्क असला तरी त्यांच्या बाळगण्यावर व वापरावर घातलेली मनाई अवैध ठरविली. मागाहून कायद्यांत सुधारणा होऊन मादक पेय म्हणून उपयोगीं न पडणाऱ्या औषधी पदार्थांस सूट देणारें कलम आलें. भारतीय घटनेचें ४७ वें कलमहि मादक पेयें बंद करण्याचा प्रयत्न राज्यानें करावा असें सांगतांना औषधी उपयोगाचा अपवाद ठेवितें.

आतां वाचकांनीं कौटिल्याचे तीन अपवाद पुन्हां आठवावे. औषधाचा अपवाद आजहि जिवंत आहे. द्राक्षासव औषधाच्या दुकानांत मिळतें. उत्सवाच्या चार दिवसांच्या मोकळिकीसारखें कांहीं एक दिवसाच्या परवान्यांत शोधतां येईल. नाहींसा झाला तो फक्त पहिला, म्हणजे घरच्या कार्याचा. आणि तो नाहींसा होत असतां त्याविषयीं स्वतंत्र विचार झाल्याचें दिसत नाहीं. मध्यंतरीं दारूबंदी स्वतःच सैल होत गेली. बीअर व वाइन यांच्या उत्पादनाचे नियम १९६६ सालीं झाले, देशी दारूचे १९७३ सालीं झाले, दुकानें उघडलीं, २००१ च्या धोरणानें वाइन उद्योगास करांत सवलती मिळाल्या. संपूर्ण बंदीचें जें नैतिक कारण होतें, तें कारखान्यापुरतें व दुकानापुरतें मागें पडलें. घरापुरतें मात्र तसेंच राहिलें. विंचूरचा कारखाना व लासलगांवचा माठ यांच्यांतील आजची विषमता ही अशी घडली आहे.

७

हीच कथा इतर देशांत थोड्याफार फरकानें घडली आहे. इंग्लंडांत १८८० च्या कायद्यानें घरीं बीअर करणारास परवाना आवश्यक झाला होता. १९६३ सालीं अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनीं ती अट काढून टाकली. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. ती उठल्यावर घरगुती वाइनला सूट मिळाली, पण बीअर सुटली नाहीं. ही उणीव भरून निघण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं. १४ ऑक्टोबर १९७८ रोजीं अध्यक्ष जिमी कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्यानें एका प्रौढास वर्षास १०० गॅलन, म्हणजे सुमारें ३८० लिटर, आणि दोन अथवा अधिक प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन बीअर विनाकर करतां येऊं लागली. विक्रीस मात्र मनाई. तथापि प्रत्यक्ष परवानगी घटक राज्यांच्या हातीं होती. तेथील छंदिष्टांनीं राज्याराज्यांतून विधिमंडळांकडे चिकाटीनें मागणी केली. मिसिसिपी व अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांत ती २०१३ सालीं मान्य झाली. अलाबामानें तीन महिन्यांस १५ गॅलन एवढी लहान मर्यादा घातली, आणि जेथें स्थानिक दारूबंदी आहे तेथें सूट दिली नाहीं.

उलट निर्णय जपानांत झाला. तेथें १८९९ सालीं महसुलासाठीं घरगुती मद्य बंद करण्यांत आलें होतें. माएदा तोशिहिको नांवाच्या गृहस्थांनीं तांदळाचें घरगुती मद्य उघडपणें करून या बंदीस आव्हान दिलें. १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्याविरुद्ध निकाल दिला व महसुलाचें कारण पुरेसें मानलें. पुढें २००२ नंतर कांहीं विशेष क्षेत्रांत शेतकऱ्यांस मर्यादित सवलती मिळाल्या, पण त्या परवान्याच्या आहेत.

आपल्या शेजारचें उदाहरण अधिक जवळचें आहे. मध्यप्रदेश व छत्तीसगड या राज्यांत अनुसूचित जमातींच्या कुटुंबांस घरच्या वापरापुरती ठराविक प्रमाणांत मोहाची दारू करण्याची सूट आहे. ही सूट पेशव्यांच्या सवलतीसारखी समाजविशेषास आहे, आणि ती आंबविण्यापुरती नसून गाळण्याचीहि आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभा व पंचायती यांस मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा अथवा नियमन करण्याचा अधिकार मिळावा असें ठरविलें. पेठ-सुरगाण्यासारखे आमच्या जिल्ह्यांतील तालुके त्यांत येतात. लासलगांव येत नाहीं.

८

विरुद्ध पक्षाचें म्हणणें सांगितल्यावांचून हें विवेचन एकांगी होईल. महाराष्ट्रांत दारूविरुद्धची सर्वांत खरी चळवळ स्त्रियांची आहे. गडचिरोली जिल्ह्यांत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ सालीं दारूबंदी झाली. गांवांतील दुकान बंद करण्यासाठीं मतदान घेऊन स्त्रियांनीं ‘आडवी बाटली’ निवडून आणल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. ज्या घरांत नवऱ्याची मजुरी दुकानांत जाते, त्या घरांतील स्त्रीस घरच्या घरीं मद्य करण्याची सूट म्हणजे संकटास दिलेलें आमंत्रण वाटल्यास नवल नाहीं. जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं, हेंहि विसरतां येत नाहीं.

या आक्षेपाचे दोन भाग करणें न्यायाचें होईल. विषबाधेचा भाग आंबविण्याच्या पेयास लागू पडत नाहीं. मालवणीसारख्या दुर्घटना मिथेनॉल मिसळल्यामुळें होतात, आणि तें मिसळणारे विक्रेते असतात. मोड आणलेला सातू किंवा द्राक्षाचा रस आंबून तसलें विष जमत नाहीं. म्हणूनच इंग्लंड-अमेरिकेंतील सूट आंबविण्यापुरती आहे. घरीं गाळण्यास तेथेंहि परवानगी नाहीं. घराच्या स्वास्थ्याचा भाग मात्र खरा आहे, व त्यास रसायनशास्त्रानें उत्तर देतां येत नाहीं. जेथें ग्रामसभेनें किंवा स्त्रियांच्या मतदानानें बंदी मागितली आहे, तेथें सूट असूं नये, हा अलाबामाच्या धर्तीचा नियम त्यास कांहीं अंशीं उत्तर देईल. विक्रीस संपूर्ण मनाई, लहान मर्यादा, गाळण्यास बंदी व स्थानिक बंदीस मान, या चार अटी स्वतःहून पुढें ठेवणारी मागणी आमच्या देशाच्या परंपरेशीं जुळणारी ठरेल. या अटी न मानणारी मागणी कौटिल्याच्या सुराध्यक्षानेंहि फेटाळली असती.

आमचा निष्कर्ष इतकाच, कीं घरगुती मद्यावरील आजची बंदी पुरातन नव्हे. तिचा जन्म १८७८ च्या हिशेबांत आहे, आणि १९४९ च्या नीतीनें ती दत्तक घेतली. जो विधिमंडळापुढें ती उठवावी म्हणेल किंवा ठेवावी म्हणेल, त्यानें महसूल व नीति या दोन कारणांचा निरनिराळा विचार करावा.

९

शेवटीं संग्राहकांस विनंति. या विषयाचीं साधनें झपाट्यानें नष्ट होत आहेत, आणि त्याचें कारण वाळवी किंवा पाऊस एवढेंच नाहीं. घरच्या बाडांत मद्याची कृति सांपडली कीं लाजेनें किंवा कायद्याच्या भीतीनें तेवढें पान फाडण्याची प्रवृत्ति होते. जुनी कृति जपणें आणि ती करून पाहणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आपलें कामच आहे.

पुढील प्रकारचे कागद विशेष मोलाचे समजावे. वैद्यांच्या बाडांतील आसव-अरिष्टांच्या कृति, विशेषतः ज्यांत रोगाचें नांव नाहीं व सणाचें किंवा कार्याचें नांव आहे अशा. कलालीच्या मक्त्याचे कागद, ज्यांत कोणत्या घरांस किंवा जातींस वगळलें याचा उल्लेख आहे. १८७८ नंतरचे झाडांचे परवाने, दंडाच्या पावत्या व अर्जांच्या नकला. वसई-उत्तनकडील ईस्ट इंडियन कुटुंबांच्या, तसेंच आगरी-कोळी घरांच्या वह्या, ज्यांत नाताळच्या किंवा लग्नाच्या पेयांच्या कृति उतरलेल्या असतात.

नोंद करतांना मूळ मापें बदलूं नयेत. शेर, पायली, अडशेरी जें असेल तें तसेंच लिहावें व आजचें माप कंसांत द्यावें, कारण प्रमाणावरूनच पेय आंबवावयाचें होतें कीं पुढें गाळावयाचें होतें हें कळतें. मडकें किती दिवस ठेवावयाचें, झाकण लिंपावयाचें कीं सैल ठेवावयाचें, विरजण म्हणून काय घालावयाचें, हे तीन तपशील कधींहि गाळूं नयेत. ‘दारू’ हा शब्द आल्यास मागचीपुढची वाक्यें उतरून घ्यावीं. ज्यांच्या घरीं अशी रीत आजहि चालूं आहे असें कळेल, त्यांचें नांव-गांव छापूं नये. कृति, भाग व अंदाजें काळ एवढें पुरे.

निफाड, येवलें, चांदवड व सिन्नर या तालुक्यांतील जुन्या वाड्यांचीं दप्तरें या दृष्टीनें तपासावयाचीं आहेत. ज्या सभासदांकडे विंचूरकरांच्या जहागिरीशीं संबंध असलेले कागद असतील, त्यांनीं त्यांतील कलालीच्या बाबी प्रथम काढून पाहाव्या, आणि मिळालेल्या नोंदींच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या.